नावावर केस असेल तर नोकरी आणि परदेश प्रवास, नक्की काय काय अडतं?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे आणि घरात कुणाला झोप नाहीये म्हणून इथे विचारतेय. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला दोन ग्रुपमध्ये मारामारी झाली होती, एफआयआरमध्ये ह्याचंही नाव गेलं. जुन्या भारतीय दंड संहितेची कलम ३२३ (मारहाण), ३२४ (हत्याराने दुखापत), ५०४ (चिथावणीसाठी अपमान) आणि सोबत ३४ (एकत्र मिळून केलेलं कृत्य). चार्जशीट कोर्टात गेलेलं आहे, पण साक्षीदार येत नाहीत, नुसत्या तारखा पडतायत. अटक झाली होती, दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला.

आता त्याला चांगली ऑफर आलीये आणि काम असं आहे की वर्षभरात बाहेरच्या क्लायंटकडे पाठवतील. जॉइनिंगच्या फॉर्मवर तीन वेगळे प्रश्न आहेत, कधी गुन्हा दाखल झालाय का, खटला चालू आहे का, शिक्षा झालीये का. बाबा म्हणतात जे आहे ते लिही. मामा म्हणतो शिक्षा कुठे झालीये, सगळीकडे 'नाही' लिहून मोकळा हो. भाऊ फॉर्म उघडतो, बघत बसतो आणि बंद करतो. त्यात पासपोर्टही संपत आलाय. कुणाला खरी माहिती असेल तर सांगा प्लीज, ऐकीव नको.

रोखठोक:
मामा बरोबर बोलतोय. दोषी ठरेपर्यंत माणूस निर्दोष असतो. 'नाही' लिहा, जॉइन व्हा. एवढ्या लोकांचं कोण तपासत बसतं?

हिरवापिवळालाल:
रोखठोक, राग मानू नका पण हा सल्ला घेऊन पोरं बुडालेली मी बघितलीयेत. मी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या कामात आहे त्यामुळे आतलं सांगते.

कोर्टाचं रेकॉर्ड बघायला आता कुणाला कोर्टात जावं लागत नाही. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर, पक्षकाराच्या नावाने शोधलं की केस नंबर, कलम, पुढची तारीख सगळं येतं. आम्ही नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि राहिलेले सगळे पत्ते एकत्र लावून बघतो. रिपोर्टला रंग असतो, हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे जुळतंय पण खात्री नाही, लाल म्हणजे सापडलं. आणि लाल आला की कंपनी आधी काय बघते माहितीये? गुन्हा नाही बघत. उमेदवाराने फॉर्मवर काय लिहिलं होतं ते बघते. 'हो' लिहून सोबत कागद लावले असतील तर फाइल लीगलकडे जाते, मॅनेजरला विचारतात, कामाचं स्वरूप बघतात, पैशाचा किंवा लहान मुलांचा संबंध आहे का ते बघतात. 'नाही' लिहिलं असेल तर चर्चाच होत नाही, खोटी माहिती दिली एवढं एकच कारण पुरतं, ऑफर लेटरमध्येच तसं कलम असतं.

एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. सोसायटीच्या भांडणातली किरकोळ केस होती, शेवटी सुटलाही असता. पण 'नाही' लिहून जॉइन झाला, रिपोर्ट उशिरा आला आणि प्रोबेशनमध्येच काढला. आता पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्याला केसपण सांगावी लागते आणि आधीच्या कंपनीने का काढलं तेही सांगावं लागतं. पहिली गोष्ट लोक समजून घेतात हो, दुसरी नाही घेत.

काळाकोट:
वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी फौजदारीच करतो. निळीशाई ताई, लोक 'नावावर केस' एवढंच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. आधी आपण नक्की कुठल्या पायरीवर आहोत ते बघायचं.

एनसी म्हणजे अदखलपात्र, पोलिसांनी नुसती नोंद घेतली, तपास नाही. त्यानंतर एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्हा दाखल. तपासात काही निघालं नाही तर पोलीस समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवतात, आपल्याकडे ए, बी, सी अशा तीन. बी म्हणजे तक्रारच खोटी होती, सी म्हणजे गैरसमजातून झाली किंवा मामला दिवाणी आहे. मग चार्जशीट, म्हणजे कोर्टात केस उभी राहिली. शेवटी शिक्षा, किंवा निर्दोष मुक्तता, किंवा हायकोर्टातून गुन्हा रद्द. ह्या प्रत्येक पायरीला फॉर्मवरचं उत्तर वेगळं असतं. तुमच्या भावाच्या बाबतीत गुन्हा दाखल? हो. खटला चालू? हो. शिक्षा? नाही. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. घाबरून तिसरं 'हो' लिहायचं नाही आणि हुशारी करून पहिली दोन 'नाही' लिहायची नाहीत. सोबत एक पानाचं पत्र, केस नंबर, कोर्ट, कलमं, सध्याची स्थिती, बस. आपली बाजू रंगवून सांगायला जाऊ नका.

प्रश्न जर फक्त 'शिक्षा झाली आहे का' एवढाच असता तर 'नाही' हे पूर्ण खरं उत्तर होतं, न विचारलेलं सांगायची सक्ती नाही. पण इथे विचारलंय.

सातबारा:
काळाकोट साहेब, सरकारी नोकरीत पण असंच का? माझा चुलत भाऊ भरतीची तयारी करतोय, त्याच्यावर आंदोलनातला गुन्हा आहे.

काळाकोट:
सरकारीत जास्त कडक. साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःबद्दलच्या माहितीचा फॉर्म, भरून घेतात आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. ह्यावर सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा तीन न्यायमूर्तींचा निकाल मुख्य धरला जातो. त्यात म्हटलंय की माहिती खरी द्यायची, पण लहान वयात घोषणा दिल्या किंवा असाच किरकोळ प्रकार असेल आणि तो लपवला गेला तर नियोक्ता ते दुर्लक्षित करू शकतो. करू शकतो म्हणजे करेलच असं नाही. उलट खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असा हक्क येत नाही, ते प्रकरण बघून ठरवतात. आणि पोलीस दलासारख्या ठिकाणी संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यालासुद्धा नाकारतात, त्यामुळे निकालपत्रात नक्की काय शब्द आहेत ते बघायला लागतं.

एक चांगली गोष्ट, गुन्हा घडला तेव्हा वय १८ च्या आत असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ आहे. दोषी ठरला तरी त्यामुळे अपात्रता येत नाही. १६ वरच्यांचे अत्यंत गंभीर गुन्हे त्याला अपवाद.

निळीशाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. पासपोर्टचं कुणी सांगेल का? एजंट म्हणतो 'केस आहे म्हणजे विसरा'.

आणि अजून एक. आमचे वकील म्हणतायत की साक्षीदार येत नाहीत, केस लोंबकळणार, त्यापेक्षा गुन्हा कबूल कर, कोर्ट थोडा दंड करेल, तो भरून एका दिवसात मोकळा हो. भावाला हे पटायला लागलंय कारण त्याला फक्त हे संपवायचंय. मला का कोण जाणे बरोबर वाटत नाहीये.

काळाकोट:
ताई, थांबा. कबुलीवर सही करू देऊ नका. पासपोर्टचं खाली सांगतो, आधी हे.

कबूल करून दंड भरला म्हणजे केस मिटली असं लोकांना वाटतं. कायद्याने ती शिक्षा आहे. दोषसिद्धी. आत्ता तिसऱ्या रकान्यात 'नाही' आहे तिथे कायमचं 'हो' होईल. आपल्याकडे ठराविक वर्षं गेली की शिक्षा पुसली जाते असा सर्वसाधारण कायदा नाही. परिवीक्षा कायदा १९५८ खाली, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडलं तर कलम १२ मुळे अपात्रता लागत नाही, पण दोषी ठरवलेलं तसंच राहतं, आणि बाहेरच्या देशाचा व्हिसा अधिकारी आपल्या परिवीक्षा कायद्याचं ऐकेलच असं नाही. चालू असलेला खटला आज त्रास देतो पण तो संपू शकतो. कबुली संपत नाही.

ह्यात ३२३ आणि ५०४ तडजोडपात्र आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपसात मिटवता येणारी, ३२४ आता नाही. त्यामुळे खालच्या कोर्टात सगळं मिटणार नाही. पण समोरचा फिर्यादी तयार असेल तर त्याचं शपथपत्र घेऊन हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज करता येतो, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, आता बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, ५२८. कॉलेजच्या पोरांची मारामारी, कुणी जायबंदी नाही, दोघं आपापल्या मार्गाला लागलेत, अशा प्रकरणात कोर्ट सहसा समजून घेतं. वेळ लागेल, पैसे लागतील. पण हाती येणारा कागद वेगळा असेल.

पासपोर्ट: एजंटचं ऐकू नका. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात कलम ६(२)(एफ) आहे, फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने वाट ठेवलीये, ज्या कोर्टात केस चालू आहे त्याच कोर्टाकडून परवानगीचा आदेश आणायचा. आदेशात मुदत लिहिली असेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, काहीच लिहिलं नसेल तर एक वर्षाचा. म्हणून अर्ज करतानाच वकिलांना सांगा की मुदत स्पष्ट मागा, लोक हे विसरतात आणि दरवर्षी हेलपाटे घालतात. ज्यांच्यावर नुसता एफआयआर आहे, चार्जशीट गेलेलं नाही आणि कोर्टाने दखल घेतलेली नाही, त्यांना हे कलम लागतच नाही, परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या पत्रकात ते साफ केलंय.

पासपोर्टच्या फॉर्मवर पण खटल्याचा प्रश्न असतो. तिथे लपवलं तर कलम १२ खाली तो वेगळा गुन्हा होतो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय पासपोर्ट जप्त होऊ शकतो ते वेगळंच.

सीमेपलीकडे:
कबुलीबद्दल काळाकोट जे म्हणाले त्याला जोरदार अनुमोदन. मी कॅनडात आहे, ट्रकिंग कंपनीत डिस्पॅच बघतो, म्हणजे कुठला ड्रायव्हर कुठला लोड घेणार ते ठरवणं हे माझं काम. त्यामुळे नोकरी आणि सीमा एकाच गोष्टीत कशा अडकतात ते रोज डोळ्यासमोर असतं.

आमच्याकडे एक ड्रायव्हर आहे, हाताला एकदम पक्का, एकही अपघात नाही. खूप वर्षांपूर्वी चोरीच्या प्रकरणात शिक्षा झाली होती. कॅनडात त्याने रेकॉर्ड सस्पेन्शन घेतलंय, म्हणजे इथल्या साध्या तपासणीत ते दिसतही नाही. पण अमेरिका ते मानत नाही. अमेरिकेच्या सीमेवरच्या लोकांना कॅनडाच्या पोलिसांच्या डेटाबेसमधलं दिसतं, आणि एकदा त्यांच्याकडे नोंद गेली की इकडे पुसली तरी तिकडे राहते. पहिल्यांदा बूथवरच्या माणसाने पासपोर्ट स्कॅन केला, स्क्रीन बघितली आणि गाडी बाजूला लावायला सांगितली. आत नेऊन बोटांचे ठसे घेतले, कोर्टाचे कागद मागितले, ते नव्हते, तर भरलेला ट्रेलर तिथून परत. तेव्हापासून त्याला फक्त देशातल्या देशात लोड मिळतात, बाहेरचे लोड घेणाऱ्यापेक्षा कमाई कमी पडते. फास्ट कार्डही, म्हणजे ड्रायव्हरना सीमा लवकर पार करायला मिळतं ते, मिळत नाही. अमेरिकेचा वेव्हर, म्हणजे प्रवेशासाठी सूट, मागता येतो, फॉर्म आय-१९२, पण तो ठराविक मुदतीचा असतो, संपला की परत सगळं.

अजून एक, गांजा इथे ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे म्हणून पोरं बिनधास्त बोलतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो अजून गुन्हाच आहे. सीमेवर विचारल्यावर 'हो, ओढतो' म्हणणाऱ्या परदेशी माणसाला शिक्षा झालेली नसली तरी परत पाठवू शकतात.

ओलीवाळू:
एक शंका. माझ्या मिस्टरांनी मागे ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये कोर्टात जाऊन दंड भरला होता. आम्ही ते ट्रॅफिकच्या पावतीसारखंच समजत होतो. आता मुलीकडे कॅनडाला जायचंय. हे पण धरतात का??

सीमेपलीकडे:
ताई, धरतात, आणि कॅनडा ह्यात फार कडक आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून इथे नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १० वर्षं केली, त्यामुळे इमिग्रेशनसाठी तो 'गंभीर' वर्गात गेला. तुमच्याकडे प्रत्यक्षात किती शिक्षा झाली ते बघत नाहीत, तोच प्रकार कॅनडात घडला असता तर कुठलं कलम लागलं असतं आणि त्याची कमाल शिक्षा किती, ते बघतात. पूर्वी साधा एकच गुन्हा असेल तर शिक्षा पूर्ण होऊन १० वर्षं झाली की माणूस आपोआप पुनर्वसित, म्हणजे जुना गुन्हा आता प्रवेशाच्या आड येत नाही असा, धरायचे, गंभीर वर्गाला ती सोय नाही. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली असतील तर पुनर्वसनाचा अर्ज करता येतो, नाहीतर तात्पुरता रेसिडेंट परमिट.

पण घाबरू नका, भारतातली मर्यादा १०० मिली रक्ताला ३० मिलिग्रॅम आहे आणि इथे ८०. म्हणजे तुमच्याकडचा गुन्हा इथे गुन्हा ठरेलच असं नाही, रीडिंग किती आलं होतं त्यावर बरंच अवलंबून आहे. तो कागद शोधा. आणि २०१८ च्या आधीचं असेल तर तेही सांगा, हिशोब बदलू शकतो. इथल्या इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवल्याशिवाय अर्ज टाकू नका.

ओलीवाळू:
बापरे. आज सगळ्या जुन्या फाइली काढते. खूप खूप आभार.

धुक्यातली:
यूकेचं मी सांगते, इथे केअर होममध्ये भरतीचं बघते. इथे १९७४ पासून रिहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा आहे आणि मला तो फार माणुसकीचा वाटतो. ठराविक काळ नीट वागलात की शिक्षा 'स्पेंट' होते, म्हणजे साध्या नोकरीसाठी सांगायची गरजच नाही. दंडाला एक वर्ष. ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये मुदती अजून कमी केल्यात, एक वर्षापर्यंतची कैद असेल तर ती संपल्यावर एक वर्ष, एक ते चार वर्षांची असेल तर चार वर्षं. पण आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायची असते, तिथे एनहान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सखोल सरकारी तपासणी, मागतात आणि त्यात जुनंही येऊ शकतं. तरी मी अशा लोकांना घेतलंय. समोर बसवून विचारते, काय झालं होतं, तेव्हापासून काय केलंस. जो माणूस सगळं दुसऱ्यावर ढकलतो तो मला नको असतो, जो शांतपणे सांगतो त्याच्याबद्दल विश्वास वाटतो.

फक्त हे लक्षात ठेवा की हा 'स्पेंट' प्रकार व्हिसाला लागू नाही. व्हिसाच्या फॉर्मवर सगळं लिहायचं, चालू खटलासुद्धा. १२ महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली असेल तर नकार ठरलेलाच.

हिरवापिवळालाल:
अमेरिकेचं राहिलं. डीएस-१६० ह्या व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न 'कधी अटक झाली का किंवा दोषी ठरलात का' असा आहे, माफी मिळाली असली तरी सांगायचं. निळीशाई, अटक झाली होती म्हणजे तिथे उत्तर 'हो'च, उद्या केस रद्द झाली तरीही 'हो'च. 'हो' म्हणजे नकार नाही, मुलाखतीत कागद मागतील, कदाचित फाइल थोडी अडकेल. पण लपवलेलं सापडलं तर खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला असा कायमचा शिक्का बसतो, तो मूळ मारामारीपेक्षा कितीतरी जड आहे.

काळाकोट:
बरोबर. शिवाय तिथे 'नैतिक अधःपतनाचा गुन्हा' अशी वर्गवारी असते. साधी हाणामारी सहसा त्यात धरत नाहीत, हत्यार वापरलं असेल तर धरू शकतात. आणि ३२४ म्हणजे हत्याराने दुखापत. म्हणून तर म्हणतोय, कबुली नको.

रोखठोक:
पण हे सगळं ऐकून मला एकच कळत नाही, सुटलेल्या माणसाने तरी किती वर्षं कागद दाखवत फिरायचं? नेटवर नाव टाकलं की केस येते, निकाल कुणी वाचत नाही.

काळाकोट:
ह्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. दिल्ली हायकोर्टात २०२१ मध्ये असंच आलं होतं. मूळ भारतीय वंशाचा अमेरिकन नागरिक, भारतात अमली पदार्थाच्या केसमध्ये अडकला, खालच्या कोर्टात सुटला, हायकोर्टानेही ते कायम केलं. परत जाऊन वकिलीचं शिक्षण घेतलं, पण कंपन्या नाव गूगल करायच्या आणि तो निकाल वर यायचा. कोर्टाने अंतरिम आदेश देऊन तो निकाल सर्चमधून हटवायला सांगितलं. पण प्रत्येकाला हायकोर्ट कुठे परवडतं? निर्दोष सुटलेल्याचं नाव ठराविक काळाने झाकायची सोय कायद्यातच असायला हवी. आणि खासगी कंपनीने नक्की काय विचारावं, किती जुनं बघावं ह्यालाही आपल्याकडे नीट कायदा नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत पहिल्या अर्जावर हा प्रश्न विचारायलाच बंदी आहे, १९९८ मध्ये हवाईने सुरुवात केली. आधी माणसाचं काम बघा, मग भूतकाळ विचारा. हे आपल्याकडे का नको?

सातबारा:
+१

निळीशाई:
अपडेट देते. भावाने फॉर्म भरला, हो, हो, नाही. काळाकोट दादांनी सांगितलं तसं एक पानाचं पत्र लावलं, चार्जशीटची कॉपी लावली. एचआरने फोन करून दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि लीगलकडे पाठवलंय म्हणाले. अजून उत्तर नाही.

वकिलांना सांगितलं की कबुली देणार नाही. त्यांनी आधी तोंड वाकडं केलं पण मग हायकोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका मॅडमचं नाव दिलं. आणि बाबा स्वतः त्या फिर्यादी मुलाच्या घरी गेले होते. त्याचं पण लग्न ठरलंय, त्यालाही साक्षीच्या समन्सचा कंटाळा आलाय, शपथपत्र द्यायला तयार आहे म्हणाला. आई रडली ऐकून.

पासपोर्टसाठी आत्ता परवानगीचा अर्ज करायचा की केस रद्द व्हायची वाट बघायची?

काळाकोट:
छान बातमी. दोन्ही समांतर चालू द्या, हायकोर्टाच्या तारखेवर पासपोर्ट अडवून ठेवू नका. परवानगीच्या अर्जाला ऑफर लेटर जोडा, कामासाठी प्रवास करावा लागणार हे दिसलं पाहिजे, आणि मुदत मागायची विसरू नका.

आणि एफआयआर, चार्जशीट, जामिनाचा आदेश ह्यांच्या सहीशिक्क्याच्या नकला आत्ताच काढून ठेवा. पुढे रद्द झाल्याचा आदेश आला की त्याच्याही तीन-चार काढा. कोर्टातलं जुनं रेकॉर्ड कालांतराने नष्ट करतात, आणि वकिलातीत 'कोर्टात फाइलच नाही' हे उत्तर चालत नाही. इंग्रजीत नसलेल्या कागदांचं भाषांतर पण करून ठेवा.

निळीशाई:
चार्जशीटची नुसती झेरॉक्स आहे आमच्याकडे. उद्याच नक्कल विभागात अर्ज टाकायला पाठवते त्याला.